तुम्ही विचारलंत म्हणून : आमचा रॉक रेडिओ एफएमवर का आला नाही

इंदूरच्या रामबागेतल्या खोलीतून आम्ही इथल्या पोरांच्या बँडांची गाणी लावणारा रॉक रेडिओ इंटरनेटवर चालवला आणि पुढे बंद केला. तरी भेटेल तो विचारतो, "एवढी हौस होती तर एफएमवर का नाही आलात?" हौस कमी पडली असा त्यातला सूर मला लागतो, म्हणून एकदा नीट सांगते.

इंदूरला रेडिओचं वेड जुनंच. मालवा हाऊस, म्हणजे इथलं आकाशवाणी केंद्र, १९५५ पासूनचं, आणि २००१ मध्ये रेडिओ मिर्चीनं आपलं पहिलं केंद्र काढलं ते इथंच. पण खासगी एफएमची फ्रिक्वेन्सी लिलावात घ्यावी लागते. २००५ च्या धोरणात तर एका कंपनीला एका शहरात एकच वाहिनी मिळायची. एकुलती एक वाहिनी रॉकला कोण देईल? सगळेच हिंदी सिनेमाच्या गाण्यांमागे लागले. २०११ मध्ये तो नियम सैल झाला, पण तोवर लिलावाचे आकडे आमच्यासारख्यांनी नुसते वाचायचे.

राहिला कम्युनिटी रेडिओ, म्हणजे एखाद्या भागातल्या लोकांसाठी संस्थेनं चालवायचा छोटा एफएम. २००६ पासून तो ना-नफा संस्थांना खुला आहे, एकट्यादुकट्या माणसाला नाही. संस्था नोंदणी होऊन किमान तीन वर्षं झालेली हवी आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हायला हवेत. ताकद १०० वॅट, म्हणजे काही किलोमीटरचा टापू. आम्हाला तेवढा भरपूर होता.

असा रेडिओ काढू पाहणाऱ्या एका संस्थेनं बोलावलं. आमची मागणी रात्रीच्या दोन तासांची. मी सोबत आमच्या एका बँडचा ड्रमर नेला होता, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला पोरगा. त्यांचं गाणं इंदूरच्या खान नदीवरचं, शब्द इथल्या माळवी बोलीतले. पोह्यांच्या बश्या सरकवून स्पीकर टेबलावर ठेवला. बास सुरू झाला तसे बश्यांतले चमचे थरथरायला लागले. अध्यक्ष म्हणाले, "ताई, आवाज जरा कमी." मी केला. थोड्या वेळानं पुन्हा, "अजून." तिसऱ्या कडव्यात त्या पोराची आजी येते, नदीत पोहायला शिकलेली. ते कडवं लागण्याआधीच अध्यक्षांनी हात लांब करून स्पीकर बंद केला. "ह्यानं वस्तीचं काय भलं होणार?" पोरगा गुडघ्यावर बोटांनी ताल धरून बसला होता. त्याची बोटं थांबली. मी नियमातलं "स्थानिक" वाचून दाखवलं, पण तोवर चहा आला होता आणि विषय बदलला होता.

तेव्हा मी सगळ्यांना सांगायचे, त्यांना कान नाहीत. आज तसं म्हणवत नाही. लसीकरण, बचतगट, दहावीच्या मुलांचे तास, हे सगळं त्यांना त्याच रेडिओवर बसवायचं होतं, आणि परवान्याला जबाबदार तेच राहणार होते. पण रात्री दहानंतर कुठला बचतगट ऐकतो? आणि आपल्या शहराची नदी, आपली बोली, आपलीच पोरं, याहून स्थानिक काय असतं? यावर माझं माझ्याशीच अजून भांडण चालू आहे.

इंटरनेटवरचा रेडिओ त्यानंतरही चालला. मग पोरं नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला गेली, नवी गाणी यायची थांबली, आणि जुनीच फिरवत बसायला माझा जीव होईना. ध्वनिमुद्रणं सगळी माझ्याकडे आहेत. कुणाची नोंदणीकृत संस्था असेल आणि रात्रीचे दोन तास मोकळे असतील, तर मी अर्ज लिहायला आजही बसेन.