घर फिरते की डोळ्यांपुढे अंधारी येते?

डिसेंबरातल्या एका पहाटे साडेपाचच्या सुमारास मी उजव्या कुशीवर वळलो आणि बंद असलेला पंखा फिरू लागला. पंख्यामागोमाग छत फिरले, छतामागोमाग भिंतीतले कपाट, आणि शेवटी ज्या पलंगाला मी दोन्ही हातांनी घट्ट धरून पडलो होतो, तो पलंगही. डोळे मिटले तरी फिरणे थांबेना. पत्नी उठून दिवा लावेपर्यंत सारे शांत झाले होते. राहिली होती ती मळमळ, कपाळावरचा घाम आणि आता हलायचेच नाही हा निश्चय. मला ते दहा मिनिटे चालले असे वाटले. पत्नीच्या म्हणण्याप्रमाणे, मी हाक मारल्यापासून अर्धा मिनिटही झाला नव्हता. पुढे डॉक्टरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ठरली ती तिचीच साक्ष.

मी नाशिकजवळ मखमलाबादला राहतो. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो आणि आता वडिलोपार्जित दोन एकर द्राक्षबाग पाहतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डिसेंबरात मण्यांची विरळणी चालते. त्या दिवसांत मांडवाखाली उभे राहून, मान मागे टाकून, तासन् तास घड न्याहाळावे लागतात. त्यामुळे आपल्याला झालेल्या त्रासाचा मानेशी संबंध असणार, असे मी स्वतःच ठरवून टाकले आणि घरातल्यांनाही पटवले. पुढच्या सात आठवड्यांच्या घोळाची जबाबदारी दुसऱ्या कोणावर टाकण्याआधी हे कबूल करणे भाग आहे.

त्याच दिवशी जवळच्या दवाखान्यात गेलो. ‘चक्कर आली’ एवढेच मी सांगितले. रक्तदाब १६० च्या घरात निघाला. पहाटे पलंग फिरताना पाहिलेल्या माणसाचा तो तेवढा निघाला नसता तरच नवल. उलटी थांबण्याचे इंजेक्शन मिळाले, पित्ताच्या आणि चक्करेच्या गोळ्या मिळाल्या. आठवड्याने फरक नाही म्हटल्यावर मानेचा एक्स-रे निघाला आणि त्यात पाचव्या व सहाव्या मणक्यातील अंतर कमी झाल्याचे दिसले. मग गळ्यात पट्टा आला. एकसष्ट वर्षांच्या बहुतेक माणसांच्या एक्स-रेत असे काही ना काही दिसतेच, आणि ज्यांच्यात दिसते त्यांतल्या अनेकांना कसलाच त्रास नसतो, हे मला नंतर समजले.

पट्ट्याने मला बरे वाटू लागले, हा या प्रकरणातला सर्वांत फसवा भाग होता. पट्टा घातला की मान वर किंवा बाजूला वळत नाही, मान वळली नाही की झटका येत नाही, आणि झटका आला नाही की निदान बरोबर होते असे रुग्णालाही वाटते आणि डॉक्टरांनाही. गोळ्यांचेही तसेच. झटका स्वतःहूनच अर्ध्या मिनिटात थांबत असे. गोळी पोटात जाऊन विरघळेपर्यंत तो केव्हाच ओसरलेला असायचा, पण श्रेय गोळीला मिळायचे. त्यांपैकी एका गोळीने मात्र दिवसभर गुंगी येऊ लागली आणि चालताना पाय कापसावर पडल्यासारखे वाटू लागले. हा आजाराचाच भाग असेल असे समजून मी ती अधिक निष्ठेने घेत राहिलो.

सातव्या आठवड्यात पट्टा काढून बागेत गेलो. मजूर बायकांना एक घड दाखवण्यासाठी मान वर केली आणि मांडवासकट आभाळ फिरले. हातातली कात्री पडली. मांडवाचा लोखंडी अँगल हाताला लागला म्हणून मी पडलो नाही. त्या संध्याकाळी सूनबाईने माझे काही न ऐकता शहरातील एका कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ घेतली. “बाबा, मानेचं बघून झालं. आता कानाचं बघू,” एवढेच ती म्हणाली. मला ऐकू व्यवस्थित येत होते, त्यामुळे कानाचे काय पाहायचे, असा प्रश्न मी तिला विचारला. ज्याने तीन दशके फळ्यावर अंतर्कर्णाची आकृती काढून ‘कान हे श्रवणाचे व तोल सांभाळण्याचे इंद्रिय आहे’ हे वाक्य मुलांकडून पाठ करून घेतले, त्याने हा प्रश्न विचारावा, याची लाज मला आजही वाटते.

प्रतीक्षाकक्षात माझ्या शेजारी सिन्नरकडच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनाही ‘चक्कर’ होती. पण त्यांची चक्कर सुरू झाली की तीन-तीन तास चालायची, त्याआधी डावा कान दडे बसल्यासारखा जड व्हायचा आणि त्यात “पिठाची गिरणी चालू व्हायची”. ऐकूही कमी येऊ लागले होते. माझ्या कानात गिरणी नव्हती आणि माझी चक्कर तासभर कधीच टिकली नव्हती. दोघांनाही आपापल्या दवाखान्यांतून चक्करेच्या त्याच गोळ्या मिळाल्या होत्या, हे मात्र आम्ही एकमेकांच्या पिशव्या पाहून ताडले.

आत गेल्यावर डॉक्टर बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “चक्कर म्हणजे नेमकं काय होतं, सर? घर फिरतं, की डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना तोल जातो?” मला त्या क्षणी वाटले की आपल्या भाषेत गरगरणे, भोवळ, घेरी, अंधारी, झोक जाणे असे वेगवेगळे शब्द असताना आपण दवाखान्यात शिरताना ते सगळे दाराबाहेर ठेवतो आणि आत ‘चक्कर’ एवढाच एक शब्द घेऊन जातो. घर फिरत असेल तर बहुधा कानाच्या आतल्या तोल-यंत्रणेकडे किंवा तिच्याशी जोडलेल्या मेंदूच्या भागाकडे पाहावे लागते. उठल्यावर अंधारी येत असेल तर रक्तदाब, हृदय, रक्तातील लोह किंवा चालू असलेली औषधे तपासावी लागतात.

दुसरा प्रश्न वेळेचा होता. सेकंद, तास की दिवस? आणि कशाने सुरू होते? इथे पत्नीची साक्ष कामी आली. कुस बदलताना, वर पाहताना किंवा वाकून उठताना सुरू होणारे आणि मिनिटाच्या आत थांबणारे गरगरणे हे एका विशिष्ट विकाराचे लक्षण असते. काही तास टिकणारे, सोबत कानात आवाज आणि कमी-जास्त होणारा बहिरेपणा असलेले गरगरणे मेनियर विकाराकडे बोट दाखवते. प्रॉस्पर मेनियर या फ्रेंच डॉक्टरने १८६१ साली अशा चक्करेचे मूळ कानात असू शकते असे सांगेपर्यंत ती मेंदूचीच व्याधी समजली जात असे. विषाणूच्या संसर्गानंतर तोलाच्या मज्जातंतूला सूज येते तेव्हा गरगरणे दिवसरात्र, सलग काही दिवस चालते. अर्धशिशीच्या रुग्णांना डोके न दुखताही चक्कर येऊ शकते. आणि बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, आधाराशिवाय उभेच न राहता येणे किंवा पूर्वी कधी नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही चक्करेसोबत आले तर कानाच्या डॉक्टरांकडे न येता थेट मोठ्या रुग्णालयात जायचे, कारण तो पक्षाघात असू शकतो, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतले.

एका बंद खोलीत हेडफोन लावून श्रवणचाचणी झाली. ती वयोमानानुसार ठीक निघाली. खरी तपासणी त्यानंतरची होती. मला टेबलावर पाय लांब करून बसवले, माझी मान ४५ अंश उजवीकडे वळवली आणि डोके टेबलाच्या कडेखाली थोडे लोंबेल अशा रीतीने मला झपकन मागे झोपवले. “डोळे मिटायचे नाहीत.” पहिले चार-पाच सेकंद काहीच झाले नाही आणि मी ‘काही होत नाही’ असे म्हणणार तोच पहाटेचा पंखा परत आला. मी टेबलाची कड धरली. डॉक्टर शांतपणे माझ्या बुबुळांकडे पाहत होत्या आणि त्यांनी सूनबाईला मोबाइलवर चित्रण करायला सांगितले. नंतर ते पाहिले तेव्हा माझी बुबुळे वरच्या दिशेने झटके देत होती आणि झटक्यागणिक स्वतःभोवती पिळल्यासारखी खालच्या, म्हणजे उजव्या कानाकडे वळत होती. वीसेक सेकंदांत ती स्थिरावली. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ साली वर्णन केलेली ही तपासणी आहे. तिला ना यंत्र लागते ना वीज. सात आठवड्यांत मला कोणी झोपवून माझ्या डोळ्यांत पाहिले नव्हते.

निदान झाले बीपीपीव्ही, म्हणजे डोक्याच्या विशिष्ट स्थितीत झटक्याने येणारी, पण जिवाला धोका नसलेली चक्कर. अंतर्कर्णात युट्रिकल नावाची एक पिशवी असते. तिच्या चिकट पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक बसलेले असतात. ते जड असल्यामुळे गुरुत्वाकर्षणाची दिशा आणि सरळ रेषेतील हालचाल कळते. वयामुळे, डोक्याला मार लागल्याने किंवा पुष्कळदा कोणत्याच उघड कारणाशिवाय त्यांतले काही सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत, बहुतेक वेळा मागच्या, जाऊन पडतात. ही नलिका डोक्याचे फिरणे मोजण्यासाठी असते. आडवे झालो की स्फटिक द्रवातून खाली घसरू लागतात, द्रवाला ओढतात, आणि डोके स्थिर असतानाही ते फिरत असल्याचा निरोप मेंदूला जातो. सुरुवातीचे ते चार-पाच सेकंद म्हणजे स्फटिकांना घसरायला लागलेला वेळ, आणि ते तळाशी टेकले की फिरणे थांबते. डॉक्टर म्हणाल्या, “खडूची भुकटीच समजा, सर.” वर्गातला खडू बहुधा जिप्समचा असतो, चुनखडीचा नव्हे, हे सांगण्याचा मोह मी महत्प्रयासाने आवरला.

उपचार त्याच टेबलावर, त्याच वेळी झाला. जॉन एप्ली या अमेरिकी डॉक्टरांच्या नावाने तो ओळखला जातो. स्फटिक नलिकेतून वळणावळणाने पुन्हा पिशवीत नेण्याची त्यांची कल्पना सुरुवातीला त्यांच्याच क्षेत्रात अनेकांना हास्यास्पद वाटली होती. त्यांचा सविस्तर लेख १९९२ साली प्रसिद्ध झाला. आधी उजवीकडे मान करून मागे झोपवले, तिथे मिनिटभर थांबलो. मग डोके तसेच लोंबते ठेवून डावीकडे वळवले, पुन्हा मिनिटभर. मग संपूर्ण अंग डाव्या कुशीवर घेऊन नाक जमिनीकडे, इथे मला पुन्हा थोडे गरगरले आणि डॉक्टर “छान” म्हणाल्या. शेवटी हनुवटी छातीशी धरून त्याच बाजूने उठवून बसवले. दहा मिनिटांनी पहिली तपासणी पुन्हा केली. पंखा फिरला नाही. मी मुद्दाम वाट पाहिली. तरीही फिरला नाही.

लगेच सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. पुढचे चार दिवस होडीत बसल्यासारखे हलके डुलणे होत राहिले. ते अपेक्षित असते हे आधी सांगितले नसते तर मी पुन्हा गळ्यात पट्टा घातला असता. रात्री बसून झोपायची गरज नव्हती. गोळ्या मात्र बंद झाल्या. गरगरणे दाबणारी औषधे तीव्र त्रासात दोन-तीन दिवसांपुरती ठीक. महिनोन् महिने घेतल्यास मेंदूला तोल नव्याने जुळवून घेण्यात ती अडथळा आणतात, आणि त्यांतली काही वयस्कर माणसांत हातांना कंप व अंगाला ताठरपणाही आणू शकतात. नलिकेत पडलेला स्फटिक तर कोणत्याच गोळीने हलत नाही.

रक्तातील ड जीवनसत्त्व १४ निघाले. शेतकऱ्याला उन्हाची कमतरता कशी, असे सूनबाईने विचारले. पण मी बागेत असतो तो सकाळी लवकर, पूर्ण बाह्यांत आणि मांडवाच्या सावलीत. दक्षिण कोरियातील २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांचे हे जीवनसत्त्व कमी होते त्यांना ते कॅल्शियमसह दिल्यावर हा त्रास परतण्याचे प्रमाण साधारण चतुर्थांशाने घटले होते, म्हणून मलाही ते सुरू केले. पुन्हा होणारच नाही असे आश्वासन कोणी दिले नाही, आणि पुढच्या मार्चमध्ये तो एकदा परत आलाही. त्या वेळी मी गाडी स्वतः न चालवता दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो, बाजू तीच असल्याची खात्री केली आणि तासाभरात घरी आलो. कोणत्या कानाचा आणि कोणत्या नलिकेचा दोष आहे हे न पाहता मोबाइलवरचे चित्रण बघून घरच्या घरी मान फिरवून घेण्याचे धाडस मी करत नाही. आडव्या नलिकेत स्फटिक असतील तर हालचालीच वेगळ्या कराव्या लागतात.

या हंगामात विरळणी करताना मी मान मागे टाकण्याऐवजी घोडीवर चढून घड डोळ्यांच्या पातळीवर घेतो. परवा कामावरच्या एक बाई सरीतून उठताना मटकन बसल्या. सगळ्या जणी म्हणाल्या, “सर, तुमच्यासारखीच चक्कर. तुमच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडा.” मी त्यांच्याजवळ बसून विचारले, घर फिरल्यासारखे वाटते का. त्या म्हणाल्या, “काही फिरत नाही, सर. उठलं की डोळ्यांपुढं काळं येतं, मग जातं.” मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे पाठवले नाही, रक्त तपासायला पाठवले. हिमोग्लोबिन ७.८ निघाले.