डाव्या पापणीचे दोन मिलिमीटर

कॉलेजच्या ओळखपत्रासाठी नवा फोटो हवा होता, म्हणून जुलैमध्ये मी नाशिकच्या अशोक स्तंभाजवळच्या एका स्टुडिओत गेले. फोटो काढणाऱ्या मुलाने तीन वेळा कॅमेरा खाली घेतला आणि शेवटी अदबीने म्हणाला, "मॅडम, डावा डोळा जरा उघडा ठेवा." डोळा उघडाच होता. घरी आल्यावर मी आरशासमोर बराच वेळ उभी राहिले. उजव्या डोळ्याची वरची पापणी बुबुळाच्या वरच्या काठाला जेमतेम टेकते, डावी मात्र बाहुलीच्या कडेपर्यंत उतरलेली आहे, हे त्या दिवशी प्रथमच स्पष्ट दिसले. गेली दोन-तीन वर्षे काजळ घालताना डाव्या डोळ्यावर एक हात जास्त फिरवण्याची सवय मला का लागली होती, याचाही उलगडा झाला.

कोणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो, हे मला पटते. फोन अगदी जवळ धरून काढलेल्या फोटोत चेहऱ्याचे प्रमाण बिघडते आणि आरशातला चेहरा उलटा असल्याने फोटोतला आपल्याला परका वाटतो, हेही खरे आहे. तरीही स्टाफरूममध्ये रोज कोणी तरी "रात्री झोप झाली नाही का?" असे विचारते आणि मागच्या बाकावरची मुलगी तास संपल्यावर "मॅडम, बरं नाही का?" म्हणून काळजीने जवळ येते, तेव्हा आपला चेहरा आपल्याबद्दल खरे नसलेले काही तरी सांगत राहतो, याचे मला वाईट वाटते. ते दुरुस्त व्हावे असे वाटणे म्हणजे हलकेपणा नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. नाकीडोळी नीटस मुलगी शोधणाऱ्या समाजाने डोळ्याचा विचार करणाऱ्या बाईला नटवी ठरवू नये.

सुरुवात मात्र मी चुकीच्या दारातून केली. शहरातल्या एका स्किन क्लिनिकमध्ये गेले. तिथे माझा समोरून एक फोटो काढला गेला आणि दहा मिनिटांत उपाय ठरला. डावी भुवई उजवीपेक्षा वर चढलेली आहे, तेव्हा कपाळात बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारे औषध, टोचून ती खाली आणू आणि भुवईखालच्या खोलगट भागात फिलर, म्हणजे त्वचेखाली भराव घालणारे जेल, भरू, म्हणजे दोन्ही डोळे सारखे दिसतील, असे सांगण्यात आले. पॅकेजचा कागद हातात मिळाला. हा फरक कधीपासून आहे, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही आणि तो विचारायचा असतो हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हते. गणपतीच्या गडबडीत ती तारीख पुढे गेली. दरम्यान माझ्या लेन्सच्या नेहमीच्या तपासणीत डोळ्यांच्या डॉक्टरांपाशी मी सहज विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "टोचून घेण्याआधी ऑक्युलोप्लास्टीवाल्यांना दाखवा." पापण्या, अश्रुमार्ग आणि डोळ्याभोवतीच्या भागाची शस्त्रक्रिया करणारी ही नेत्रचिकित्सेचीच एक शाखा आहे. गंगापूर रोडवरच्या एका नेत्ररुग्णालयात अशा एक डॉक्टर ठरलेल्या दिवशी येतात.

त्यांचा पहिला प्रश्न होता, "जुने फोटो आणलेत का?" आणलेले नव्हते. मग त्यांनी टॉर्चचा प्रकाश डोळ्यावर धरला, बुबुळावर उमटलेल्या उजेडाच्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर छोट्या पारदर्शक पट्टीने मोजले आणि उजवीकडे चार, डावीकडे दोन मिलिमीटर असे लिहून घेतले. नंतर त्यांनी अंगठ्याने माझी डावी भुवई कपाळावर घट्ट दाबून धरली आणि आधी खाली, मग वर पाहायला सांगितले. भुवईची मदत नसतानाही पापणी चौदा मिलिमीटर उचलली गेली, म्हणजे पापणी उचलणारा स्नायू, ज्याला लेव्हेटर म्हणतात, तो धडधाकट आहे. पापणीवरची घडी मात्र डावीकडे नेहमीपेक्षा वर सरकलेली आणि तिच्या वरचा भाग खोलगट. हा स्नायू पापणीतल्या कडक पट्टीला एका पातळ, पांढऱ्या पडद्याने जोडलेला असतो. तो पडदा ताणून सैल झाला किंवा पट्टीवरून सुटला, तर ओढणारा हात मजबूत असूनही दोरी ढिली पडावी तशी पापणी उतरते. वयोमानाने हे अनेकांचे होते. माझ्या वयात आणि एकाच बाजूला का झाले, याचे उत्तर मला घरच्या अल्बममध्ये सापडले.

बारावीचे हॉल तिकीट, लग्नाचे फोटो, मुलीच्या बारशाचा फोटो आणि नंतरची तीन ओळखपत्रे मी ओळीने जेवणाच्या टेबलावर मांडली. लग्नापर्यंत डोळे सारखे होते. बारशाच्या फोटोत किंचित शंका येते आणि पुढच्या प्रत्येक ओळखपत्रात डावी पापणी थोडी थोडी खाली येत गेलेली दिसते. 2007 साली, मी एम. कॉम. करत असताना, माझ्या डाव्या डोळ्याला किरॅटोकोनसचे निदान झाले. बुबुळाचा समोरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, तो हा आजार. उजवा डोळा चष्म्यावर निभावला, डाव्याला तेव्हापासून सेमी-सॉफ्ट म्हणतात ती कडक लेन्स आहे. ती काढायची माझी पद्धत अशी की डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला बोट लावायचे, पापणी कानाकडे ताणायची आणि डोळा मिचकावायचा. दिवसातून एकदाच धरले तरी अठरा वर्षांत हे साडेसहा हजार वेळा झाले. त्यात डोळा चोळण्याची जुनी सवय. कडक लेन्स वापरणाऱ्यांची पापणी अशी उतरू शकते, हे नेत्रतज्ज्ञांना चांगले माहीत आहे. मला ते कोणी सांगितले नव्हते, म्हणून लेन्स वापरणाऱ्या प्रत्येकीला मी ते इथे आवर्जून सांगते आहे. आता मी लेन्स छोट्या रबरी सक्शन कपने काढते आणि पापणीला हात लावत नाही.

पण त्या तपासणीत मला खऱ्या अर्थाने हादरवून गेली ती माझी भुवई. डॉक्टरांनी डोळे मिटून कपाळ सैल सोडायला सांगितले, भुवईवर बोट ठेवले आणि मग कपाळ न हलवता डोळे उघडायला लावले. हातातल्या आरशात डावी पापणी आणखी खाली आलेली दिसली. "तुमची भुवईच ही पापणी उचलून धरते आहे," त्या म्हणाल्या. उतरलेल्या पापणीमुळे कमी दिसू नये म्हणून कपाळाचा स्नायू दिवसभर, माझ्या नकळत, भुवई वर ओढत असतो. संध्याकाळी पेपर तपासताना डाव्या भुवईवर येणारा ताण मी आजवर चष्म्याच्या माथी मारत आले होते, तो याचाच. आणि क्लिनिकमध्ये नेमका हाच स्नायू बोटॉक्सने सैल करायचा बेत होता. तसे झाले असते तर भुवई खाली आली असती आणि तिच्याबरोबर पापणीही, आणि औषधाचा परिणाम ओसरेपर्यंत, म्हणजे तीन-चार महिने, मी तशीच वर्गात उभी राहिले असते. ज्याला दोष समजून पुसून टाकायचे ठरले होते, ती माझ्या शरीराने स्वतःच केलेली डागडुजी होती. बोटॉक्स वाईट आहे असे मी म्हणत नाही. 1989 साली अमेरिकेत त्याला पहिली मान्यता मिळाली तीच मुळी तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी, म्हणजे डोळ्यांच्याच आजारांसाठी. फिलरचे मात्र मला अधिक भय वाटते, कारण डोळ्याजवळ टोचताना ते रक्तवाहिनीत गेले तर दृष्टी जाऊ शकते. असे क्वचितच होते, पण पॅकेजच्या कागदावर त्याचा उल्लेख नव्हता.

डोळे असमान दिसण्यामागे काय काय असू शकते, हे ऐकून मी वहीत लिहून घेतले. संध्याकाळी पापणी जास्त पडते का, एकाच्या जागी दोन दिसतात का, गिळताना त्रास होतो का, हे त्यांनी विचारले आणि मिनिटभर छताकडे एकटक पाहायला लावले, कारण मायस्थेनिया या आजारात स्नायू वापराने थकत जातो. अंधारात आणि उजेडात दोन्ही बाहुल्या मोजल्या. पापणी एकाएकी पडली, सोबत डोके दुखू लागले, बाहुली मोठी झाली किंवा दोन-दोन दिसू लागले, तर तो सौंदर्याचा प्रश्न राहत नाही आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते. कधी लहान दिसणारा डोळा अगदी ठीक असतो आणि आजार मोठ्या दिसणाऱ्या डोळ्यात असतो. थायरॉइडच्या विकारात पापणी वर खेचली जाते किंवा डोळा पुढे येतो. म्हणून रक्ततपासणीही झाली. ती व्यवस्थित आली.

दुसऱ्या भेटीत त्यांनी डाव्या डोळ्यात फेनिलेफ्रिनचा थेंब घातला. पापणीत आणखी एक अगदी बारीक स्नायू असतो, तो या औषधाने आखडतो आणि पापणी तेवढ्यापुरती वर जाते. दहा मिनिटांनी त्यांनी आरसा पुढे केला. डावा डोळा उघडला होता, अल्बममधल्या मुलीचा होता तसा. उजवी पापणी मात्र किंचित खाली आली होती. दोन्ही पापण्यांना मेंदूकडून मिळणारा हुकूम सारखाच असतो, हेरिंगचा नियम म्हणतात तो हाच. एका पापणीसाठी मेंदू जास्त जोर लावत असेल, तर तिला आधार मिळताच दुसरीचाही जोर ओसरतो. शस्त्रक्रियेने एकच पापणी वर शिवली तर दुसरीचे काय होईल, याचा अंदाज या थेंबाने आधी घेता येतो. बाहुली मोठी झाल्याने ऊन सोसवत नव्हते, म्हणून रिक्षा करून मी थेट पंचवटीत आईकडे गेले. तिला काहीच सांगितले नव्हते. दार उघडून तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आज झोप चांगली झालेली दिसते गं तुझी." मी आत जाऊन न्हाणीघरात तोंड धुतले आणि थोडी रडले.

मग तिला सगळे सांगितले, तेव्हा तिने देवाने दिलेल्या चेहऱ्याला सुरी लावू नये, हे आपले नेहमीचे म्हणणे मांडले. मी तिला म्हटले, आई, लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले म्हणून नाशिक, असे तूच आम्हाला सांगत आलीस, आणि कापलेले नाक पुन्हा घडवण्याची विद्याही आपल्याच देशातली आहे. सुश्रुतसंहितेत तिचे वर्णन आहे. टिपूच्या कैदेत नाक कापल्या गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याकडे कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवले गेले, त्याची हकिगत 1794 साली लंडनच्या मासिकात चित्रासह छापून आली होती. माझे दोन मिलिमीटर त्याच्या दुःखाच्या पासंगालाही पुरणार नाहीत, पण चेहरा दुरुस्त करणे हे परक्यांचे खूळ नाही, एवढे आईला पटले असावे. तिने फक्त विचारले, "दुखेल का?"

शस्त्रक्रिया जागेपणी, पापणीपुरती भूल देऊन करतात. घडीच्या रेषेतच छेद घेतात, सैल पडदा पुढे ओढून पट्टीला शिवतात आणि मध्येच रुग्णाला उठून बसवून, डोळे उघडायला लावून दोन्ही बाजू ताडून पाहतात. टाके साधारण आठवड्याने निघतात, सूज त्यानंतरही काही आठवडे राहते. पापणी कमी उचलली जाऊ शकते किंवा जास्तही, मग पुन्हा टाका घालावा लागतो. "तंतोतंत सारखे मागू नका, फरक एका मिलिमीटरच्या आत आणणे हे आमचे उद्दिष्ट असते," असे डॉक्टरांनी आधीच सांगितले आणि त्या एका वाक्याने माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. नजरेच्या क्षेत्राची चाचणी एकदा पापणी तशीच ठेवून आणि एकदा चिकटपट्टीने वर उचलून झाली. फरक थोडाच निघाला, म्हणजे पापणी नजरेच्या आड फारशी येत नाही, तेव्हा विम्याच्या भरवशावर न राहता खर्च आपला आपण करायचा, असे आम्ही घरात ठरवले आहे. माझी खरी अडचण वेगळी आहे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे लेन्स घालता येणार नाही आणि लेन्सशिवाय डाव्या डोळ्याने अक्षर लागत नाही. म्हणून बारावीच्या उत्तरपत्रिका हातावेगळ्या झाल्यावर, मे महिन्यातच ते करता येईल. तोवर पापणी आणखी उतरते की आहे तिथे थांबते हे पाहण्यासाठी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, गॅलरीत त्याच जागी, त्याच उजेडात माझी मुलगी माझा फोटो काढते. तीन झाले आहेत आणि तिन्हींत फरक नाही.

एक गोष्ट पाहायची राहिली होती. पापणी वर शिवल्यानंतर झोपेत डोळा पुरता मिटला नाही, तर बुबुळ कोरडे पडते, आणि माझे बुबुळ आधीच नाजूक आहे. म्हणून सध्या झोपेत डोळे नीट मिटतात का, हे घरच्या कोणाला तरी पाहायला सांगा, असे डॉक्टर म्हणाल्या होत्या. नवऱ्याने सलग दोन रात्री, मी गाढ झोपल्यावर, मोबाइलचा उजेड ओढणीतून गाळून माझ्या चेहऱ्यावर धरला आणि सकाळी फाइलमधल्या कागदावर आपल्या हाताने लिहिले: दोन्ही डोळे पूर्ण मिटतात, रात्री एक आणि साडेतीन.