पिशवी कुठे ठेवायची?

बुधवार, रात्रीचे साडेअकरा

उद्या पालिकेच्या अधिकाऱ्यांसमोर बेघर माणसांच्या प्रश्नावर बोलायला आमच्या शिबिरातल्या गटाला पंधरा मिनिटं मिळाली आहेत. माझं टिपण तयार होतं. आज दुपारी ते फाडलं. का फाडलं, ते विसरायच्या आत इथे उतरवून ठेवते.

शिबिराला येण्याआधी आम्ही महिनाभर वाचत होतो. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं २५वं कलम मला जवळपास पाठ आहे. अन्न, वस्त्र, वैद्यकीय सेवा यांच्याच रांगेत १९४८ साली निवाराही लिहून ठेवला गेला. माझं टिपण तिथूनच सुरू होत होतं. पुढे ब्लँकेटं, जेवण, आरोग्य तपासणी. चुकीचं त्यात काहीच नव्हतं, पण रस्त्यावर राहणाऱ्या एकाही माणसाला विचारून मी त्यातली एक ओळसुद्धा लिहिली नव्हती.

सकाळी सहाला निवारा केंद्रावर पोचलो. तिथे फक्त रात्र काढता येते. सात वाजता सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि संध्याकाळी पुन्हा रांगेत उभं राहायचं. मी चादरी गोळा करत होते. एक मावशी कॉटवर बसून पिशवी भरत होत्या. सगळ्यात खाली प्लास्टिकमध्ये तीनदा गुंडाळलेले कागद, त्यावर औषधं, वर कपडे. पिशवीचा एक बंद तुटलेला, तिथे नाडी बांधलेली. ती नाडी जिथे खांद्यावर येते तिथली कातडी काळी पडून जाड झाली आहे. मी म्हटलं, "मावशी, मी धरू का?" त्यांनी पिशवी चटकन पोटाशी घेतली. मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाही गं. सवय झालीय."

नंतर आम्ही दोघी बागेतल्या बाकावर बसलो. बाकावर मधे मधे लोखंडी दांडे आहेत, कुणी आडवं होऊ नये म्हणून. हे दांडे मी याआधी शेकडो वेळा पाहिले असतील, पण ते कशासाठी असतात हे मला आज कळलं. मावशींना एकदा साफसफाईचं काम मिळालं होतं. पिशवी आत आणायची नाही, असं पहिल्याच दिवशी सांगितलं. बाहेर ठेवली तर जाणार. तिसऱ्या दिवशी काम सुटलं. त्याआधी एकदा झोपेत उशाखालून पिशवी गेली होती, तिच्यासोबत ओळखपत्रही गेलं. नवं काढायला गेल्या तर पत्ता विचारला. पत्ता नाही म्हणून ओळखपत्र नाही, ओळखपत्र नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही तर भाडं कुठून भरणार? हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मलाच रडू आलं.

"उद्या आम्ही काय मागू?" मी विचारलं.

"कुलपाचं एक कपाट मागा, दिवसभर पिशवी ठेवायला. आणि पत्र येईल असा पत्ता." जरा थांबून म्हणाल्या, "ब्लँकेट सगळेच देतात. दुसरं मिळालं की ओझं होतं."

संध्याकाळी गटात यावरून वाद झाला. कपाट ही फारच छोटी मागणी आहे, आपण घरच मागायला हवं, असं काहींचं म्हणणं. मला तेही पटतं. सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेलं काम याच विचारावर उभं होतं: आधी घर द्या, व्यसन सोड, उपचार घे अशा अटी घराच्या दारात ठेवू नका. फिनलंडने २००८पासून हेच राष्ट्रीय धोरण केलं. जुन्या निवारा केंद्रांच्या जागी भाड्याची घरं केली आणि राहणाऱ्याच्या नावाने भाडेकरार केला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे पंधरा हजारांहून जास्त बेघर होते, २०२२मध्ये ते चार हजारांच्या खाली आले. पण बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, मावशी वेगळं काय मागत होत्या? स्वतःची किल्ली आणि स्वतःचा पत्ता. घरातलेच दोन तुकडे, जे याच महिन्यात देता येतील. म्हणून नव्या टिपणात दोन्ही आहे, कपाट आणि पत्ता आधी, घर त्याच्या पुढे.

आणि बोलायचं कोणी? मी पुन्हा केंद्रावर गेले. मावशी रांगेत होत्या. "मावशी, पंधरातली दहा मिनिटं तुम्ही बोलाल का?"

"किती वाजता?"

"अकराला."

"रांगेच्या आत परत पोचेन," त्यांनी हिशेब केला. मग विचारलं, "पण पिशवी आत नेऊ देतील?"

फाटकावर सामान तपासतात, मोठ्या पिशव्या अडवतात. शिबिराच्या ताईंनी परवानगीसाठी फोन केलाय, अजून उत्तर नाही. मी म्हटलं, नाही सोडलं तर मी बाहेर बसते पिशवी घेऊन, तुम्ही आत जाऊन बोला. माझं टिपण तर सगळ्यांकडे आहेच.

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. रांग दोन माणसं पुढे सरकली. मग त्यांनी पिशवी खांद्यावरून उतरवली आणि नाडीची गाठ कुठून धरली की सुटत नाही, ते मला दाखवलं.