चमचाभर पिवळं औषध

आज आमच्या पाड्यावरच्या अंगणवाडीत 'अ' जीवनसत्त्वाच्या डोसाचा दिवस होता. नऊ महिन्यांच्या बाळाला गोवराच्या लसीबरोबर १ मिली, म्हणजे १ लाख युनिट. मग दीड वर्षापासून दर सहा महिन्यांनी २ मिली, पाच वर्षांचं होईपर्यंत. एकूण ९ डोस. पहिला बहुतेकांचा होतो. पुढे घरंच्या घरं वीटभट्टीवर कामाला जातात आणि कार्डावरचे रकाने कोरेच राहतात. ते कोरे रकाने बघून जीव तुटतो.

दुपारी एक आजी तीन वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन आल्या. म्हणाल्या, "ताई, माझा धाकटा भाऊ दिवेलागण झाली की भिंतीला हात लावत चालायचा. समोरचं ताट दिसायचं नाही त्याला." रातांधळेपणा! 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं की होतो तो. किती वर्षं मनात होतं त्यांच्या.

नातवाने माझ्यासमोर तोंड घट्ट मिटलं. आजीच्या हातून मात्र चमचा चाटूनपुसून घेतला.

निघताना म्हटलं, "आजी, शेवग्याचा पाला, पिकली पपई देत जा. भाजीत थोडं तेल असू द्या, त्याशिवाय हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही." त्यांनी कार्ड पदरात गुंडाळलं आणि विचारलं, "आता परत कधी आणू?"