93 नंबरचा जिल्हा आणि आमचा पूर्व भाग

"मोबाईल आतल्या खिशात ठेवा, गळ्यात काही घालू नका आणि अंधार पडायच्या आत परत फिरा."

पॅरिसला लागून असलेल्या सँ-दनी या गावाला जाणार म्हटल्यावर इथल्या आपल्या मराठी मंडळींकडून मला मिळालेला हा सल्ला. देणारे गृहस्थ पुण्याचे, पॅरिसमध्ये चांगले मुरलेले. तुम्ही कधी गेला होतात, असं विचारलं तर म्हणाले, "ऑलिंपिकला, स्टेडियमवर. पण ते वेगळं."

वेगळं कसं काय? ते स्टेडियम सँ-दनीतच आहे. नाव स्ताद द फ्रान्स असलं म्हणून ते फ्रान्सच्या नकाशावर हवेत तरंगत नाही. 12 जुलै 1998 ला झिदाननं डोक्यानं दोन गोल मारून ब्राझीलला लोळवलं, ते याच गावात. 2024 ला नीरज चोप्रानं 89.45 मीटर भाला फेकून रौप्य घेतलं, ते याच गावात. आपल्या बीडचा अविनाश साबळे स्टीपलचेसची ऑलिंपिक फायनल धावला, तोही याच गावात. आपल्याकडच्या पेपरात सगळीकडं काय छापून आलं? पॅरिस. मेडल मिळालं की पॅरिस आणि पाकीट मारलं की सँ-दनी, असा हिशेब आहे. कुणाला त्यात काही गैर वाटत नाही, फ्रेंचांनाही नाही.

मला हे एवढं का लागलं, ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. इंजिनिअरिंगला पुण्यात होतो तेव्हा "सोलापूरचा? वाटत नाहीस" हे वाक्य मला कौतुक म्हणून ऐकवलं जायचं. पुढचा प्रश्न ठरलेला, चादर आणणार का. त्यातही मी अशोक चौकाकडचा, म्हणजे शहरातल्या शहरातसुद्धा सात रस्त्याकडची पोरं आम्हाला "पूर्व भागातला" म्हणणार. त्यामुळं एखाद्या गावाकडं बोट दाखवून कुणी "तिकडं कशाला" म्हटलं की माझे पाय आपोआप तिकडं वळतात. रविवार होता, थंडी बेताची होती, निघालो.

जायला मेट्रोची 13 नंबरची लाइन. ही लाइन ला फूर्श स्टेशनापुढं दोन फाट्यांत फुटते, त्यामुळं पाटी वाचूनच चढायचं, नाहीतर भलतीकडं पोचाल. गर्दीचं म्हणाल तर सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज बघायला उभं राहिलेल्याला त्यात नवल नाही. 2024 च्या जूनपासून 14 नंबरची बिनड्रायव्हरची मेट्रोही सँ-दनी प्लेयेलपर्यंत येते. तिचं स्टेशन केंगो कुमा या जपानी वास्तुरचनाकारानं बांधलंय आणि बघण्यासारखं आहे. पण गावात शिरायचं तर 13 नंबरच बरी, कारण ती थेट बासिलिकच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, पायाशी सोडते.

आता थोडं या गावाबद्दल. पॅरिस शहराची हद्द संपते आणि उत्तरेला हे लागतं. जिल्ह्याचा नंबर 93, आणि इथली पोरं तो मिरवतात. फ्रान्सच्या मुख्य भूमीवरचा हा सगळ्यात गरीब जिल्हा. गावाच्या दक्षिणेकडचा माळ एकेकाळी युरोपातल्या मोठ्या औद्योगिक पट्ट्यांपैकी एक होता. गॅस, रसायनं, लोखंड, चांदीची भांडी, अगदी पियानोसुद्धा. प्लेयेल हे नाव पियानोच्या कारखान्यावरूनच आलंय. स्टेडियम उभं आहे ती जागाही जुन्या गॅस कारखान्याची. कामाला माणसं आधी ब्रिटनीतून आली, मग स्पेन, इटलीतून, मग पोर्तुगाल, अल्जेरिया, मोरोक्को, माली इथून. सत्तरीच्या दशकापासून कारखाने एकेक करून बंद पडत गेले आणि माणसं तिथंच राहिली.

पुढचं तुम्ही सांगू शकाल. आपली सोलापूरची जुनी मिल 1877 ची. तेलंगणातून पद्मशाली आले, कर्नाटकातून लोक आले, मिलच्या भोंग्यावर गावाचं घड्याळ चालायचं. मिला गेल्या, माणसं राहिली. आमच्या गल्लीत तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी सगळं एकाच ओट्यावर चालायचं आणि "कुठं जालालास बे?" हे चौघांनाही कळायचं. त्यामुळं पंधरा भाषा ऐकू येणाऱ्या रस्त्यावर मी घाबरावं, ही अपेक्षाच चूक. मोबाईल मात्र आतल्याच खिशात होता. पण तो मी सोलापुरात नवी पेठेतही तसाच ठेवतो.

बाजार मंगळवार, शुक्रवार, रविवार. लोखंडी मंडई 1893 ची आहे, आत मटण, मासळी, चीज, ऑलिव्ह, आणि बाहेर चौकात कपड्यांचे, भांड्यांचे, स्वस्त बुटांचे स्टॉल. कोथिंबिरीच्या जुड्या आमच्याकडच्या सुपरमार्केटमधल्या डबीतल्या चार काड्यांसारख्या नाहीत, खऱ्या जुड्या. पुदिना, भेंडी, हिरवी मिरची, कच्ची केळी. "आले, आले (म्हणजे चला, चला), एक युरो" छापाच्या आरोळ्या. टॉवेलच्या स्टॉलपुढं पाय थांबलेच. सोलापूरचा माणूस टॉवेल विकत घेत नाही, तो टॉवेल तपासतो. कोपरा उलटून किनार बघितली, बोटांत धरून लूप किती दाट आहेत ते बघितलं, लेबल वाचलं. पोर्तुगालचा निघाला. बरा होता, पण पाणी शोषेल असं वाटेना. विक्रेत्याला वाटलं मी घासाघीस करतोय, त्यानं मागच्या मागं दोन युरो कमी केले. टेरी टॉवेलला जीआय मानांकन मिळालेल्या गावातून आलोय हे त्याला समजावण्याइतकं माझं फ्रेंच वेगवान नाही.

पण त्या दिवसाची खरी गोष्ट शेंगदाण्याची.

मंडईच्या बाहेरच्या बाजूला एक सेनेगलच्या बाई भाजलेले आणि कच्चे शेंगदाणे घेऊन बसल्या होत्या. इथं शेंगदाणे मिळत नाहीत असं नाही. मिळतात ते खारवलेले, डब्यातले, दारूबरोबर खायचे. त्यांची चटणी करून बघितलीये, भुसा होतो. मी कच्च्यातले मोठे टपोरे दाणे मागितले. बाईंनी विचारलं, कशाला हवेत? आता ह्यांना काय सांगणार? सांगितलं, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ घालून कुटायचे, तेल सुटेपर्यंत. मिक्सरला लावायचे नाहीत. त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, टपोरे दाणे परत ओतले आणि मागच्या पोत्यातले बारके, लालसर दाणे भरायला लागल्या. म्हणाल्या, कुटायचे असतील तर हे, त्या मोठ्यांत नुसता देखावा आहे, तेल यांच्यात आहे. त्या काओलाककडच्या. तो सगळा पट्टा शेंगांचा. त्यांच्याकडं दाणे कुटून त्याची आमटीसारखी दाट भाजी करतात, माफे म्हणतात, भाताबरोबर खातात. उखळ आहे का, त्यांनी विचारलं. आईनं दगडी खल पाठवलाय म्हटल्यावर चेहरा खुलला. वजन झाल्यावर वरून मूठभर टाकले. तराजूबाहेरची मूठ या देशात मला पहिल्यांदाच मिळाली. मी राहतो त्या पॉश गावातला बेकरीवाला तीन सेंट कमी पडले तर ब्रेड परत ठेवतो, आणि ठेवताना शुभ दिवस म्हणतो.

चटणी झाली. सोलापूरच्या नसले बंधूंच्या चटणीचं नाव घेण्याइतकी नाही, पण बोटाला तेल लागलं. कडक भाकरीचं काही जमत नाही, तिथं इलाज नाही.

बाजारापासून दोन मिनिटांवर बासिलिक आहे. नोत्र-दामसमोर रांगा लागतात आणि इथं मी गेलो तेव्हा आत मोजकी माणसं. खरं तर गॉथिक बांधकामाची सुरुवात इथली. सुझे नावाच्या मठाधिपतीनं नवं गर्भगृह बांधलं, त्याची प्रतिष्ठापना 1144 ची. भिंती सडपातळ करून रंगीत काचांतून उजेड आत घ्यायचा ही युक्ती इथून सगळ्या युरोपात गेली. देवळाची कथाही आपल्याला पटेल अशी. संत दनीचं मोंमार्त्रच्या टेकडीवर मुंडकं उडवलं, तर ते स्वतःचं शिर हातात घेऊन इथपर्यंत चालत आले म्हणे. पुरंदरावरच्या मुरारबाजींची गोष्ट ऐकत वाढलेल्याला यात अडचण येत नाही.

फ्रान्सचे 42 राजे, 32 राण्या इथं पुरले. संगमरवरी मूर्ती झोपलेल्या, पायाशी कुत्रे आणि सिंह. 1793 मध्ये क्रांतिकारकांनी थडगी उकरली आणि हाडं बाहेर खड्ड्यात टाकली. चौथ्या हेन्रीचा देह इतका शाबूत निघाला की लोकांना बघायला ठेवला होता. सोळावा लुई आणि मारी आंत्वानेत 1815 मध्ये पुन्हा इथं आणले. उत्तरेकडचा मनोरा वादळानंतर धोकादायक झाल्यानं 1840 च्या दशकात उतरवला होता. तो परत बांधायचं काम 2025 मध्ये सुरू झालंय, पाथरवट हातानं दगड घडवताना बघता येतात. देशाचे जवळजवळ सगळे राजे ज्यांच्या ताब्यात, त्या गावाबद्दल आमचे पुणेकर म्हणतात, तिकडं काय आहे.

देवळाशेजारीच मला एक वेगळी गोष्ट दिसली आणि तिच्यापुढं मी देवळाइतकाच वेळ उभा होतो. तिरक्या कोनांची, पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी, प्रत्येक घराला मातीची गच्ची असलेली वसाहत. रने गायूस्ते या बाईंनी केलेली रचना. गच्चीत झाडं, दोरीवर कपडे, कुणीतरी चटई झटकत होतं. ही कमी भाड्याची घरं. हे गाव दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक दशकं कम्युनिस्टांच्या हातात होतं, कामगारांची घरं गावाच्या मध्यात, राजांच्या शेजारी बांधायची हा त्यांचा हट्ट.

इथला एक कायदा आहे, 2000 सालचा. ठरावीक आकाराच्या वरच्या गावांत आधी 20 टक्के, नंतर बहुतेक ठिकाणी 25 टक्के घरं अशी कमी भाड्याची असली पाहिजेत, नाहीतर दंड. वाचल्यावर मी भारावलो होतो. मग कळलं की नयीसारखी श्रीमंत गावं वर्षानुवर्षं दंड भरतात आणि घरं बांधत नाहीत. सँ-दनीत मात्र त्या प्रमाणाच्या कितीतरी वर आहेत. म्हणजे गरीब माणूस ठेवायचा कुणी, तर ज्यांच्याकडं आधीच आहे त्यांनी. समता, बंधुता प्रत्येक शाळेच्या दारावर कोरलेली, आणि शेजारी नको म्हणून चेक फाडायचा!

इथं मला सोलापूरजवळची कुंभारी आठवणारच. गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची 10,000 घरं, 2006 मध्ये मनमोहन सिंगांच्या हस्ते दिलेली, कम्युनिस्ट नेते आडम मास्तरांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवलेली. पुढं तशीच रे नगर वसाहत. आमच्या शेजारच्या मावशी आयुष्यभर मांडीवर सूप घेऊन, पानं कातरून विड्या वळत बसल्या, त्यांना तिथं घर मिळालं. शहरापासून लांब आहे, अक्कलकोट रोडला, बसचा आणि पाण्याचा त्रास त्या सांगतात, सगळं खरं. पण घर मावशींच्या नावावर आहे. सँ-दनीतल्या त्या गच्चीवर चटई झटकणारी बाई भाडेकरू आहे. एवढं एक तरी आमचं जास्त आहे की नाही?

गावाच्या म्युझियममध्ये 1871 च्या पॅरिस कम्यूनची, म्हणजे तिथल्या कामगारांच्या उठावाची, चित्रं, कागदपत्रं, मोठा संग्रह आहे. म्युझियमला नाव कवी पॉल एलुआरचं, तो इथलाच. दालनं बघताना सोबतच्या फ्रेंच सहकाऱ्याला मी 1930 चं सोलापूर सांगितलं. मे महिन्यातले इंग्रजांची सत्ता नसलेले ते तीन दिवस, मार्शल लॉ, आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर गेलेले धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन, शिंदे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, हे मुंबईजवळ आहे का?

सोलापूरच्या मित्राला फोनवर हे सगळं सांगितलं तर तो म्हणतो, "एवढं आवडलंय तर तिथंच का राहीनास बे?" आता त्याला काय कळतंय. माझं ऑफिस पश्चिमेला, सकाळी 13 नंबरनं यायचं म्हणजे रोज तासभर उभं. पोरीची शाळा इथली, मैत्रिणी इथल्या. आमच्या पॉश गावातही कमी भाड्याची घरं आहेत, मी बघितलीत, स्टेशनच्या पलीकडं. आणि घराचा करार अजून दोन वर्षांचा आहे, मध्येच मोडला तर बायको ऐकणार नाही.