हाफ इंजिन, फुल इंजिन

गॅरेजात दोन शब्द चालतात, हाफ इंजिन आणि फुल इंजिन. हाफ म्हणजे हेड उघडा, ब्लॉक बोअर करा, पिस्टन-रिंगा बदला, गाडी लगेच घरी. फुल म्हणजे इंजिन फ्रेममधून खालीच उतरवायचं, केस म्हणजे इंजिनचं खालचं कवच फोडायचं आणि क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वरखालीचं गोल फिरणं करणारा भाग, बाहेर काढायचा. फुल म्हटलं की गिऱ्हाईकाचं तोंड उतरतं, त्यामुळे हाफवरच भागवायचं हा आपला रिवाज.

पप्पांच्या १९९४च्या यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलचंही दोनदा हाफच झालेलं. दोन्ही वेळा पाच-सहा महिने मस्त पळाली आणि मग खालून परत तोच खडखड आवाज, रेस दिली की जास्तच. दुखणं गुडघ्यात आणि आपण टोपी बदलतोय, कसं बरं होणार?

यावेळी मीच हट्ट धरला. मिस्त्रीने ब्लॉक काढला, पिस्टन वर आणला, पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरला आणि म्हणाला, "आता बघ भावा, बाजूला हललं तर चालतंय, तेवढी जागा ठेवलेलीच असती. वरखाली मात्र अजिबात नको." आणि वरखाली ओढला तर टक्. बारीकच, पण टक्. गाडी तीन वर्षं बोळात ताडपत्रीखाली उभी होती त्याचा हा प्रसाद. आरएक्ससारख्या टू स्ट्रोक इंजिनाला क्रँकखाली ऑइल भरलेलं नसतं, पेट्रोलच्या वाफेबरोबर जे दोन थेंब आत येतात त्यावरच बेअरिंगचा संसार चालतो, गाडी बंद की तेही बंद, मग आत ओल धरते आणि गंज चढतो. त्यात कोल्हापूरचा पावसाळा, म्हणजे बोलायलाच नको.

क्रँक हातात घेतला तेव्हा पहिल्यांदा कळलं की दोन जाड चकत्या आणि मध्ये एक पिन, एवढंच प्रकरण आहे. ना नट, ना बोल्ट, ना वेल्डिंग, नुसती दाबून बसवलेली पिन. उद्यमनगरात एका चाचांकडे नेला. त्यांनी प्रेसवर जुनी पिन ढकलून काढली, नवीन रॉड, बेअरिंग, पिन घातली आणि परत दाबली, हे सगळं चहा यायच्या आत. मला वाटलं झालं. चाचा म्हणाले, "काम आता सुरू." क्रँक दोन टोकांवर टांगला, वर डायल लावला, हळूच फिरवला, काटा इकडून तिकडे. मग तांब्याच्या हातोडीने चकतीच्या कडेला एक ठोका, परत फिरवणं, परत बघणं, परत ठोका. हातोडी कुठं आणि किती जोरात मारायची हे कुठं लिहिलेलं नसावं. अर्धा तास हेच. आउट, म्हणजे फिरताना दिसणारा वाकडेपणा, तीन शतांश मिलिमीटरच्या आत आला तेव्हाच क्रँक माझ्या हातात दिला. एवढं काटेकोर कशाला म्हणाल तर हे इंजिन ७५०० आरपीएमला पूर्ण ताकद देतं, म्हणजे सेकंदाला १२५ फेऱ्या, त्यात जरा जरी वाकडं असेल तर नवीन बेअरिंगही खाऊन टाकणार.

मिस्त्रीने बेअरिंगसाठी केस तापवायची आणि क्रँक गार करायचा असं ठरवलं, म्हणून रात्रभर क्रँक पिशवीत गुंडाळून आमच्या फ्रीजरमध्ये. सकाळी आई ओरडली, "हे कसलं हाड आणून ठेवलंस रे?" बेअरिंग मात्र तापलेल्या केसमध्ये नुसतं सोडलं तर टपकन जाऊन बसलं, ठोकाठोकी काहीच नाही. क्रँकच्या दोन्ही बाजूचे सील नवीनच घातले, ते फाटले की इंजिन एकीकडून हवा ओढतं नाहीतर दुसरीकडून गिअर ऑइल पिऊन पांढरा धूर सोडतं आणि सगळे दोष कार्बोरेटरला देत बसतात.

किक मारली. पप्पा वाकून खाली कान लावून उभे. "आवाज कुठाय?" असं त्यांनी विचारलं, जरा संशयानेच.

आता पहिले पाचशे किलोमीटर चाळीस-पन्नासच्या वर नाही. रविवारी गगनबावडा रोडला आम्ही दोघं चाललोय, मागून एक काकू स्कुटीवरून आल्या, पुढं भाजीची पिशवी, हॉर्न वाजवून ओव्हरटेक करून गेल्या. आरएक्सला! माझं मनगट आपोआप वळायला लागलं तसा पप्पांनी मागून खांदा दाबला.

"जाऊ दे तिला. पिन नवीन हाय."