ट्रिक्सीनंतरचा एईआरचा पूर: अखेर मूळ सापडलं

मंडळी, पत्ता लागला! डेबियन लिनक्स १२ वरून १३ वर (म्हणजे ट्रिक्सीवर) आल्यापासून एईआरच्या, म्हणजे कार्डं जोडणाऱ्या पीसीआयई बसवरच्या चुका कळवणाऱ्या यंत्रणेच्या, ज्या मेसेजनं लॉग (सिस्टमची नोंदवही) भरून काढला होता, त्याचं मूळ वायफाय कार्डाच्या वीजबचतीत निघालं.

आधी आर्वीच्या भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर: जर्नल बिघडल्याची ओळ अपग्रेडमुळे येते का? ‘सिस्टम डॉट जर्नल करप्टेड ऑर अनक्लीनली शट डाउन’ ही ओळ अपग्रेडची नाही. लाइन गेली, बॅटरी संपली, मशीन बसलं की पुढच्या बूटला ती येते. जर्नलडी (लॉग लिहिणारा प्रोग्राम) ती फाइल फेकत नाही, नावाला टिल्डा (~) लावून बाजूला ठेवतो. मात्र साध्या नोंदी तो डिस्कवर ५ मिनिटांनी पक्क्या करतो, त्यामुळे लाइन जाण्याआधीचं शेवटचं थोडं हरवू शकतं. आपल्याकडच्या भारनियमनात ही पक्कं करण्याची (सिंकची) वेळ १ मिनिटावर आणलेली बरी.

खरा छळ होता ‘पीसीआयई बस एरर, सिव्हिरिटी करेक्टेड, टाइप फिजिकल लेयर’ याचा. करेक्टेड म्हणजे हार्डवेअरनं स्वतःच सावरलं, डेटा शाबूत. पण जर्नलची हद्द मूळ सेटिंगला डिस्कच्या १० टक्के, फार तर ४ जीबी. या पुरानं अपग्रेडच्या आधीचा सगळा लॉग ढकलून बाहेर काढला, आणि तुलनेसाठी मला नेमका तोच हवा होता. फार जीव जळला.

मग मेसेजच नीट वाचायला बसलो. हेक्स आकड्यांत स्टेटस (घडलेली चूक) ०००००००१, मास्क (कळवायची नाही ती चूक) ००००२०००. स्टेटसमध्ये शून्य क्रमांकाचा बिट चढलेला, म्हणजे रिसीव्हर एरर. मास्कमध्ये तेरावा, म्हणजे ॲडव्हायझरी नॉन-फेटल, तो इथं गैरलागू. तक्रार करणारा रूट पोर्ट, म्हणजे कार्ड ज्याला जोडलेलं असतं ते बसचं वरचं टोक. एलएसपीसीआय या उपकरणांची यादी देणाऱ्या कमांडच्या झाडात त्याच्याखाली एकटं वायफाय कार्ड. फिजिकल लेयर म्हटल्यावर कार्ड काढून संपर्क पुसले, घट्ट बसवलं. फरक शून्य. नागपूरच्या एका दुकानदारानं तर बोर्डच बदलायला सांगितलं होतं. लॉग न बघता असा सल्ला देऊ नये, हे माझं ठाम मत.

ग्रबमध्ये (बूटच्या मेनूत) जुना ६.१ कर्नल (लिनक्सचा गाभा) अजून होता. त्यावर बूट केलं तर लॉग स्वच्छ! दोन्हीकडचं एलएसपीसीआयचं सविस्तर आउटपुट शेजारी ठेवलं. लिंक कंट्रोलच्या ओळीत ६.१ वर ‘एएसपीएम डिसेबल्ड’, ट्रिक्सीच्या ६.१२ वर ‘एल-वन एनेबल्ड’. एएसपीएम म्हणजे रिकाम्या लिंकची वीजबचत, एल-वन ही तिची झोपेची अवस्था. ती ओळ दिसली तेव्हा झालेला आनंद तुम्हालाच कळेल. लिंक झोपेतून उठताना अडखळते आणि पोर्ट ओरडतो.

एईआरच बंद करणारा पॅरामीटर बरेच जण सुचवतात. मला तो पटत नाही. मेसेज थांबतात, चुका चालूच राहतात. एएसपीएम बंद करणारा पॅरामीटर ग्रबमध्ये टाकून पाहिला, पूर ओसरला. तोच कायम ठेवणार होतो, पण तो सगळ्या मशीनची वीजबचत घालवतो आणि रात्री आपलं घर इन्व्हर्टरवर असतं.

हे लिहिता लिहिता सुचलं: सिसएफएसमध्ये (कर्नल आपली सेटिंग्ज फाइलींच्या रूपात दाखवतो ती जागा) प्रत्येक डिव्हाइसच्या लिंक फोल्डरात एल-वनची वेगळी फाइल असते. पॅरामीटर काढला, रीबूट केलं, फक्त वायफाय कार्डाच्या फाइलमध्ये शून्य लिहिलं. पोर्टचा करेक्टेबल काउंटर पाहत बसलोय, रिसीव्हर एररचा आकडा हललेला नाही. बाकी मशीनची बचत चालू.

रीबूटनंतर हे टिकत नाही, म्हणून सर्व्हिस लिहिणार होतो. आता वाटतं यूडेव्हचा (डिव्हाइस दिसताच नियम लावणाऱ्या यंत्रणेचा) एक नियम पुरेल. व्हेंडर आणि डिव्हाइस आयडीवर बांधतो, म्हणजे कार्डाचा पत्ता बदलला तरी लागू पडेल. ज्यांच्याकडे हाच पूर आहे त्यांनी आपली लिंक कंट्रोलची ओळ दोन्ही कर्नलवरची पाठवा.